पेशवेकालीन म्हणायच्या आधी नाणं उलटून तरी बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पुणे पुरवणीत बातमी आली होती की पेठेतला एक जुना वाडा पाडताना भिंतीतल्या कोनाड्यात तांब्याच्या नाण्यांनी भरलेलं गाडगं सापडलं, आणि फोटोखाली ठळक अक्षरात "पेशवेकालीन खजिना". बातमी लगेच सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली, आमच्या दुकानात पण दोघं-तिघं मोबाईल पुढे धरून विचारायला आले, की बघा हे किती लाखाचं असेल. आमचं रविवार पेठेत तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान आहे, मोडही घेतो, आणि मोडीत बंब-घंगाळ-तपेल्यांच्या बरोबर जुनी नाणी येतातच, वडलांच्या काळापासून येतात, त्यामुळे तांब्याचं नाणं हातात घेऊन उलटंपालटं करायची सवय लागलेली आहे. मी काही इतिहासकार नाही. पण तुम्ही छापलेला फोटो मोठा करून बघितला तर त्यातलं निम्मं गाडगं आपल्याच तोंडाने सांगतंय की मी पेशवेकालीन नाही, आणि ते कुणी वाचलेलंच नाही याचं वाईट वाटलं म्हणून हे पत्र.

फोटोतलं वरच्या रांगेतलं एक नाणं बघा. जाड, गोल, मशीनवर पाडलेलं, त्यावर घोड्याचा खूर आणि तलवार. हे बडोद्याचं. सयाजीराव महाराज गायकवाड, म्हणजे तिसरे सयाजीराव, त्यांचं. शेजारचं त्याच जातीचं नाणं पालथं पडलंय, त्याच्यावर चक्क देवनागरीत लिहिलंय "दोन पैसे" आणि खाली संवत १९४८. मराठी वाचता येणाऱ्या कुणालाही वाचता येईल, भिंग पण लागत नाही. विक्रम संवत १९४८ वजा ५७, म्हणजे इसवी सन १८९१. पेशवाई बुडाली १८१८ ला, शनिवारवाडा जळला १८२८ ला, म्हणजे हे नाणं पाडलं तेव्हा पेशवाई जाऊन सत्तर वर्षं उलटून गेली होती आणि टिळकांचा केसरी निघून दहा वर्षं झाली होती.

आता खालच्या कोपऱ्यातलं पगडीवाल्या चेहऱ्याचं नाणं, त्याला तर सोडूनच दिलंय. ते ग्वाल्हेरचं, माधवराव शिंदे यांचा पाव आणा, संवत १९७०. दुकानात आलेल्यातला एक जण म्हणाला १९७० म्हणजे इंदिरा गांधींच्या काळातलं की हो, मग इतकं जुनं कसं दिसतं. तर संवत १९७० म्हणजे १९१३. या नाण्याच्या मागे शिंद्यांचं राजचिन्ह असतं, त्यात नाग असतात, शिंदे म्हटलं की नाग हे डोक्यात ठेवायचं.

तर हे १९१३ चं नाणं त्या गाडग्यात आहे याचा अर्थ काय होतो बघा. गाडग्यातलं सगळ्यात जुनं नाणं कुठलं याने काहीच ठरत नाही, जुनी नाणी लोकांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या पडून असतात. ठरतं ते सगळ्यात नवीन नाण्याने. ज्याच्यात १९१३ चं नाणं सापडलं ते गाडगं १९१३ च्या आधी भिंतीत ठेवणं शक्यच नाही, संपला विषय. त्यात दोन शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, निघाल्या काय नि दहा निघाल्या काय. म्हणजे हा कुणा सरदाराचा खजिना वगैरे नव्हे, ब्रिटिश अमलातल्या पुण्यात कुणीतरी साध्या माणसाने जमवलेली चिल्लर आहे. आणि माझ्या मते ही बातमी जास्त भारी होती. पुण्याच्या पेठेत बडोद्याचे ढब्बू, म्हणजे ती दोन पैशांची नाणी, आणि ग्वाल्हेरचे पाव आणे कशाला येतील? कारण त्या काळात आपल्याकडचा कितीतरी माणूस बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, धार, देवास इकडे नोकरीला होता, कारकून, मास्तर, शिलेदार, भिक्षुक, लेकी तिकडे दिलेल्या, दिवाळीला नाहीतर लग्नकार्याला माणसं यायची आणि येताना कनवटीला तिथली चिल्लर. इथे ती सहजी चालायची नाही, सराफ बट्टा कापून घेणार, मग ठेवली कोनाड्यात. एका घराची सगळी सोयरीक आणि नोकरी त्या गाडग्यात असेल, आणि आपण त्याच्यावर "पेशवेकालीन" शिक्का मारून मोकळे.

ही फक्त तुमच्या पेपरची गोष्ट नाही म्हणा, सगळीकडे तेच आहे. तांब्याचं काळं नाणं दिसलं की दोनच नावं, शिवकालीन किंवा पेशवेकालीन. मधली शंभर-सव्वाशे वर्षं नि डझनावारी संस्थानं गायब. म्हणून ज्यांच्या घरात डब्यात अशी नाणी पडलेली आहेत त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो, जागा असेल तेवढं छापा, नसेल तर कापा, पण सालाचा भाग कापू नका.

सगळा घोळ सालाचा असतो. नाण्यावर चार आकडे दिसले की माणूस ते इसवी सन समजतो. संस्थानांची नाणी इसवी सनात क्वचित असतात. देवनागरी आकडे आणि देवनागरी अक्षरं असतील तर बहुतेक विक्रम संवत, त्यातून ५७ वजा करा, एखाद्या वर्षाचा फरक पडतो कारण वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, रतलाम ही सगळी याच्यात येतात. फारसी आकडे असतील तर बहुतेक हिजरी सन, आणि ते चांद्रवर्ष असल्यामुळे सरळ वजाबाकी चालत नाही, हिजरी आकड्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवायचे. उदाहरणार्थ १३३० हिजरी, गुणून आले १२९०, अधिक ६२२, म्हणजे १९१२. मराठवाड्यातल्या लोकांच्या घरी निजामाचे तांब्याचे पैसे हमखास असतात, ते असे वाचायचे. आपल्याकडच्या जुन्या कागदांत नि काही नाण्यांवर फसली सन असतो, त्याच्यात ५९० मिळवा. आणि केरळातल्या त्रावणकोर संस्थानची नाणी असतात त्यांच्यावर तिकडचा कोल्लम सन, त्याच्यात साधारण ८२५ मिळवायचे. या त्रावणकोरच्या नाण्याने तर भल्याभल्यांना चकवलंय, त्यावर १११४ असं असतं आणि बघणारा थेट शिलाहार-यादवांच्या काळात पोचतो, प्रत्यक्षात ते १९३८-३९ चं असतं. शंख दिसला की त्रावणकोर समजा. तिथला हिशोबही मजेशीर होता, १६ काशांचा एक चक्रम, ४ चक्रमांचा एक पणम आणि ७ पणमांचा रुपया, म्हणजे रुपयाला ४४८ काशू, त्यामुळे तो काशू इतका चिमुकला की फरशीवर पडला तर केरात जायचा.

फारसी येत नाही म्हणून घाबरू नका, मला पण येत नाही. पण आकडे दहाच आहेत, एका संध्याकाळी पाठ होतात. ७ म्हणजे इंग्रजी व्ही, ८ म्हणजे उलटा व्ही, शून्य म्हणजे नुसता ठिपका, ९ आपल्याला इंग्रजी नऊसारखाच दिसतो. अक्षरांसाठी मी सरळ शेजारच्या बोहरी शेठना विचारतो, ते "जरब" एवढा शब्द शोधून देतात, जरब म्हणजे अमुक ठिकाणी पाडलं, आणि त्याच्या जवळपास टांकसाळीच्या गावाचं नाव असतं. एवढ्यावर निम्मं काम होतं. टिपूच्या नाण्यांवर मात्र जपून. त्याने मौलूदी नावाचा स्वतःचा वेगळा सन चालू केला आणि आकडे उजवीकडून डावीकडे लिहिले, त्यामुळे आपण डावीकडून वाचलं की भलतंच साल निघतं. टिपूच्या पैशावर हत्ती असतो हे सगळ्यांना माहितीय, पण हत्ती असलेलं प्रत्येक नाणं टिपूचं नसतं, त्याच्यानंतर म्हैसूरच्या कृष्णराज वडियारांनीही हत्ती चालू ठेवला, त्यावर कानडी अक्षरं असतात. पुढे तर सिंहासारखा प्राणी आणि इंग्रजीत कॅश असं लिहिलेली पण आली.

दुसरी मोठी गंमत बादशहाच्या नावाची. हाताने पाडलेली जी जुनी नाणी असतात, जाड, वेडीवाकडी, कडेला चिरा गेलेली, त्यांच्यावर फारसीत "शाह आलम" असं वाचून कुणीतरी सांगतं की हे मुघलांचं आहे. शाह आलम वारला १८०६ ला. पण त्याच्या नावाने आपल्या मराठा सरदारांनी, राजपुतांनी, सगळ्यांनी पुढे कित्येक वर्षं नाणी पाडली, कारण बाजारात चालतं ते नाव चालू ठेवायचं, उगाच बदललं तर सराफ नाणं घेताना कुरकुर करणार. काही ठिकाणी तर सालही तेच गोठलेलं, ठसा तोच, फक्त नवीन माल. मग ओळखायचं कशावरून? तर चिन्हावरून. जयपूरचं झाड असतं, म्हणजे फांदीला पानं, त्यावरून झाडशाही म्हणतात. गायकवाडांची तलवार, शिंद्यांचा नाग, होळकरांच्या महेश्वरच्या रुपयावर शिवलिंग आणि बेलपान, तिथे अहिल्याबाईंचा कारभार होता म्हणून. १८५७ नंतर मुघल बादशहाच उरला नाही तेव्हा बऱ्याच संस्थानांनी त्या जागी व्हिक्टोरिया राणीचं नाव टाकलं, म्हणजे फारसी मजकुरात राणीचं नाव, आणि बाकी ढाचा तसाच.

पण नुसत्या चिन्हावर विसंबून पण राहू नका, हे मी मुद्दाम सांगतो कारण हल्ली मोबाईलमधलं ॲप फोटो घेऊन लगेच नाव सांगतं आणि लोक ते वेदवाक्य मानतात. तलवार बडोद्याची आहे तशी जोधपूरचीही आहे. त्रिशूळ ग्वाल्हेरला आहे, कच्छला पण आहे. त्यामुळे चिन्ह, अक्षर आणि साल तिन्ही जुळली तरच नाव घ्यायचं. बडोद्याच्या हाताने पाडलेल्या नाण्यांवर राजाच्या नावाचं आद्याक्षर नागरीत असतं, गणपतरावांचं ग, खंडेरावांचं खा, मल्हाररावांचं मा, ते दिसलं की कुठल्या गायकवाडाचं ते पण कळतं. मल्हाररावांना इंग्रजांनी १८७५ ला गादीवरून काढलं, त्यामुळे मा असेल तर पाच-सहा वर्षांची खिडकी मिळते, एवढं बारीक ठरवता येतं.

आता अक्षर अर्धंच का दिसतं हा प्रश्न दुकानात कायम येतो, लोकांना वाटतं झिजलं. झिजलेलं असतंच, पण मुळातच पूर्ण नव्हतं. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, मोठ्या पोळीवर छोटी वाटी दाबून चकती काढावी तसा मजकुराचा एक तुकडाच नाण्यावर उतरायचा, कुणावर वरचा, कुणावर खालचा. म्हणून एकाच जातीची चार-पाच नाणी शेजारी मांडून ठेवली तर सगळं वाक्य जुळतं. आणि म्हणूनच गाडगं सापडलं की ते पाच भावांत किंवा मजुरांत वाटून टाकू नये, सुटं नाणं मुकं होतं. हे मी हात जोडून सांगतोय.

मशीनची नाणी सोपी. इंदूरच्या शिवाजीराव होळकरांच्या तांब्याच्या नाण्यावर बसलेला नंदी, मागे किंमत आणि संवत. पुढे १९३५ च्या सुमाराला यशवंतराव होळकर दुसरे यांनी स्वतःच्या चेहऱ्याची पाव आण्याची आणि अर्ध्या आण्याची नाणी काढली, ती तर एकदम मॉडर्न दिसतात. रतलामच्या पैशावर मारुती, संवत १९४५ आणि १९४७ चा. निजामाच्या दोन पईवर वेलबुट्टीसारखा दिसणारा फारसी तुघरा, म्हणजे अक्षरं गुंफून केलेली नक्षी, आणि चांदीच्या नाण्यांवर चारमिनार, चारमिनारच्या दरवाज्यात एक अक्षर कोरलेलं असतं, मीम असेल तर महबूब अली खान, ऐन असेल तर उस्मान अली खान. कच्छचं नाणं शिकायला सगळ्यात चांगलं, कारण एका बाजूला फारसीत इंग्लंडच्या राजाराणीचं नाव नि इसवी सन, आणि दुसऱ्या बाजूला नागरीत महाराव खेंगारजी नि विक्रम संवत, म्हणजे गणित बरोबर आलं का ते त्याच नाण्यावर तपासता येतं. त्यांचा हिशोब कोरी नावाच्या चांदीच्या नाण्यात, २४ दोकड्यांची कोरी, एका दोकड्याचे दोन त्रांबिये. आठवा एडवर्ड जेमतेम वर्षभर पण राजा नव्हता, गादी सोडून गेला, आणि कच्छने तेवढ्यात १९३६ ला त्याच्या नावाची कोरी पाडून घेतली. १९४७ ला याच कच्छने "जय हिंद" लिहिलेली कोरीही काढली. मधलं भोक असलेला तांब्याचा पैसा सगळ्यांकडे असतो तो मात्र संस्थानचा नव्हे, तो १९४३ ते ४७ चा ब्रिटिश हिंदुस्थानचा, युद्धात धातू वाचवायला काढलेला.

आणि एक फसवी जात, जी मोडीत सगळ्यात जास्त वाया जाते. व्हिक्टोरिया राणीचा मुकुटवाला चेहरा दिसला की माणूस म्हणतो हा कंपनीचा नाहीतर राणीछाप पैसा, घाला किलोत. मागची बाजू बघतच नाही. १८७६ ला इंग्रज सरकारने कायदा केला की संस्थानांना आपली नाणी सरकारी टांकसाळीतून पाडून घेता येतील, एका बाजूला राणी आणि दुसऱ्या बाजूला संस्थानाचं नाव. थोड्याच संस्थानांनी ते घेतलं, अलवर, बिकानेर, धार, देवास, सैलाना असे. धारच्या पवारांची १८८७ ची अर्धा आणा, पाव आणा आणि बारावा हिस्सा आण्याची नाणी आहेत, इंग्रजीत धार स्टेट असं लिहिलेली. देवासची १८८८ ची. देवासमध्ये पवारांच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी, एकाच गावात दोन राजे, दोन कारभार, आणि दोघांनी आपापली नाणी वेगळी पाडून घेतली, थोरलीवर एस. बी. म्हणजे सीनियर ब्रँच आणि धाकटीवर जे. बी. म्हणजे ज्युनियर ब्रँच अशी इंग्रजी अक्षरं. पुढे १९४४ ला थोरल्या पातीच्या विक्रमसिंहराव पवारांनी आपल्या नावाचा पैसा काढला, आणि हेच विक्रमसिंहराव १९४७ ला कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, छत्रपती शहाजी महाराज झाले. म्हणजे कोल्हापूरच्या एका छत्रपतींच्या नावाचं नाणं आहे पण ते देवासचं आहे, हे कोल्हापूरकरांना पण सहसा माहीत नसतं.

शिवराईबद्दल लिहिलं नाही तर पुणेकर मला सोडणार नाहीत. एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति", कडेने ठिपक्यांची माळ. महाराजांच्या राज्याभिषेकाचं वर्ष १६७४, पण शिवराई तिथे थांबली नाही. पुढच्या छत्रपतींनी, पेशवाईत गावोगावच्या टांकसाळींनी तेच नाव ठेवून शिवराया पाडल्या, शंभर-सव्वाशे वर्षं, आणि त्या चालत तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत होत्या. म्हणून हजारो शिवराया आहेत आणि त्यातल्या खऱ्याखुऱ्या महाराजांच्या हयातीतल्या अगदी मोजक्या. अक्षराचं वळण, शिव लिहिलंय का सिव, ओळींची मांडणी, वजन हे सगळं बघून जाणकार सांगतात. दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई तर खूप उशिराची. ती कुणी "महाराजांच्या हातातलं नाणं" म्हणून विकत असेल तर नमस्कार करून पुढे जा. महाराजांवरच्या श्रद्धेचा हा धंदा आहे, मला त्याची चीड येते.

धंद्यावरून आठवलं. राम-सीता-लक्ष्मण-हनुमान, मागे ईस्ट इंडिया कंपनी, हाफ आना, १८१८, हे नाणं दर महिन्याला कुणीतरी रुमालात गुंडाळून आणतं. कंपनीने असं नाणं कधी पाडलेलं नाही. ते जत्रेतले, देवळाबाहेरचे टोकन आहेत, सालं पण वाट्टेल ती असतात, १६१६, १७१७, कुठलंही. मघाशी मी रतलामच्या मारुतीच्या पैशाबद्दल लिहिलंय तो खरा आहे, त्याच्यावर रतलाम आणि संवत असतो, कंपनीचं नाव नसतं, एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुरे. आणि त्याच टोकनवाल्यांचा पुढचा खेळ म्हणजे राईस पुलिंग, नाणं तांदूळ ओढतं म्हणे आणि परदेशी कंपनी करोडो देते म्हणे. तांब्याला ना लोहचुंबक ओढतं ना तांबं तांदूळ ओढतं. लोहचुंबकाला चिकटलं तर उलट ते तांबं नाही एवढंच सिद्ध होतं. यात शिकली-सवरलेली माणसं पैसे घालवून बसलीत. ऑनलाईन जाहिरातींचंही तेच, आधी रजिस्ट्रेशन फी भरा मग तुमच्या नाण्याचे लाख रुपये देतो, काही जण तर रिझर्व्ह बँकेचं नाव वापरतात, ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः पत्रक काढून सांगितलं होतं की आमचा याच्याशी काही संबंध नाही, अशी फी वगैरे आम्ही मागत नाही. तुमच्या बातमीत शेवटी "बाजारात लाखो रुपये किंमत" असं जे वाक्य होतं ना, ते या लोकांना आयतं कोलीत आहे. संवत १९४८ चा बडोद्याचा ढब्बू भरपूर मिळतो, जुन्या बाजारात रविवारी नाहीतर बुधवारी चक्कर मारा, कळेल.

घासण्याबद्दल एवढंच, की करू नका. चिंच-मीठ, लिंबू, भांड्यांची पावडर, ब्रासो, काही नको. मी भांडीवाला आहे, तांबं लख्ख करायचं माझं पोटापाण्याचं काम आहे, आणि मीच सांगतोय की नाणं घासू नका. तो काळा-तपकिरी थर नाण्याचं रक्षण करतो, तो गेला की अक्षराची कड जाते आणि घेणारा पण अर्ध्याला मागतो. माती असेल तर शुद्ध पाण्यात, बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, त्याच्यात भिजत ठेवा नि मऊ ब्रशने काढा. फिकट हिरवी पावडर सुटत असेल तर ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं कोरडं ठेवा. प्लॅस्टिकच्या साध्या पिशवीत कोंबू नका.

कायद्याचा मुद्दा बातमीत अजिबात नव्हता, तो असायला हवा होता. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या कशातही, म्हणजे वाड्याच्या भिंतीत सुद्धा, दडवलेलं काही सापडलं आणि त्याची किंमत दहा रुपयांच्या वर असेल तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. दहा रुपये, हो, आकडा तोच आहे अजून. पेठांत सध्या रोज कुठला ना कुठला वाडा पडतोय, बिल्डरचे मुकादम नि मजूर यांना हे माहीत नसतं आणि माहीत असलं तरी जे निघेल ते दुपारच्या आत आमच्यासारख्यांच्या काट्यावर येतं. मी अशी नाणी किलोवर घेत नाही, पण घेणारे आहेत. शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या पुरावशेष कायद्यात पण येतात, ती खासगी माणसाने परदेशात पाठवणं गुन्हा आहे, हे त्या ऑनलाईन "फॉरेन बायर"वाल्यांना सांगून बघा.

तुमच्या रिपोर्टरला एवढंच सुचवीन की असा फोटो छापताना नाण्याच्या दोन्ही बाजू घ्या, शेजारी एखादी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळेल, आणि वजन करून टाका, कुठल्याही सराफाच्या काट्यावर दोन मिनिटांत होतं. मग फोनवर "हे काय आहे" असं विचारायला सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, डेक्कन कॉलेज आहे, आणि नाशिकजवळ अंजनेरीला तर फक्त नाण्यांचाच अभ्यास करणारी संस्था आहे. एवढी दारं शहरात आणि हाकेच्या अंतरावर असताना फोटोखाली अंदाजपंचे ओळ जाऊ नये. त्या गाडग्याची सगळी नाणी एकत्र असतील अजून तर एकदा पूर्ण यादी छापा, कुठलं संस्थान, कुठलं साल, किती नग. मला खरंच वाचायचंय की त्या घरातला माणूस कुठे कुठे जाऊन आला होता.

आणि वाचकांपैकी कुणाच्या डब्यात देवासचं धाकट्या पातीचं, जे. बी. लिहिलेलं नाणं असेल तर त्याचा दोन्ही बाजूंचा फोटो तुमच्याकडे पाठवावा आणि तुम्ही तो छापावा. थोरल्या पातीचं माझ्याकडे आहे, राणीचं नाक झिजलेलं पण मागचं सगळं शाबूत, धाकट्याचं मात्र अजून मोडीत एकदाही आलं नाही.

आपला,
एक भांडीवाला
रविवार पेठ, पुणे